मदत हवी आहे: मॅग्नेशिअम-कॅल्शिअमचा प्रयोग फसतोय (सांगली)

खडूडस्टर
आवर्तसारणीच्या दुसऱ्या गणात (उभ्या स्तंभात) खाली जाताना धातुगुण, म्हणजे इलेक्ट्रॉन देण्याची प्रवृत्ती, वाढतो, हे दहावीच्या वर्गाला प्रयोगानं दाखवायचंय. थंड पाण्यात फिनॉल्फ्थॅलीन (आम्लारी असेल तर गुलाबी होणारा दर्शक) टाकून मॅग्नेशिअमची फीत सोडली: दहा मिनिटं काहीच नाही. कॅल्शिअमनं पाणी लगेच गुलाबी केलं, पण बुडबुडे जेमतेम. पाणी बोअरचं आहे. चुकतंय कुठं?

पक्कड आणि परीक्षानळी
गुलाबी रंगावर जाऊ नका, कॅल्शिअम खराब झालंय. बाटली पावसाळ्यात नीट बंद नसली की तुकड्यांवर पांढरा थर चढतो: आधी हायड्रॉक्साइड, मग कार्बोनेट. हायड्रॉक्साइड पाणी गुलाबी करणारच, आत धातू असो वा नसो. खरी खूण हायड्रोजनची. चष्मा-हातमोजे घालून तुकडा पक्कडीनं कोरडाच फोडा. आत चकाकी दिसली तरच तुरीच्या डाळीएवढा घ्या. ०.१ ग्रॅममधून साधारण ६० मिलि वायू निघतो, म्हणून नळीला बूच नको आणि बर्नर लांब. तुकडा आधी बुडतो, मग बुडबुडे चिकटून वर येतो. पाणी दुधाळ होईल, होऊ द्या.

फीत ३ सेंमी घ्या, पॉलिश पेपरनं चांदीसारखी होईपर्यंत घासा आणि उकळीच्या जरा आधी उतरवलेल्या पाण्यात सोडा. हलवू नका, रंग फितीलगतच दिसतो. बोअरचं पाणी मात्र बंद. फितीपाशी जो थोडासा आम्लारी तयार होतो, तो त्यातलं बायकार्बोनेट खाऊन टाकतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी चालेल.

कृष्णाकाठ
वरचं सगळं बरोबर. पण फळ्यावर कारण लिहिताना घाई नको. पहिले दोन इलेक्ट्रॉन काढायला मॅग्नेशिअमला ७३८ + १४५१, कॅल्शिअमला ५९० + ११४५ किलोज्यूल प्रतिमोल लागतात. अणुत्रिज्या १६० आणि १९७ पिकोमीटर. एक कवच वाढलं, बाहेरच्या इलेक्ट्रॉनवरची पकड सैल झाली. मात्र दिसणारा सगळा फरक एवढ्यानं पडत नाही. मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइड पाण्यात जवळपास विरघळत नाही, फितीवरच बसून पुढची अभिक्रिया अडवतं. कॅल्शिअमचं लिटरला दीड ग्रॅमच्या आसपास विरघळतं, पृष्ठभाग मोकळा राहतो.

खडूडस्टर
शेजारी ॲल्युमिनिअमची पट्टी ठेवून आवर्तातला (आडव्या ओळीतला) कलही उरकू का?

कृष्णाकाठ
नको. ती ऑक्साइडच्या थरामुळं गप्प बसेल, आणि पोरं आयनीभवन ऊर्जेचं (इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेचं) कारण लिहून मोकळी होतील. ॲल्युमिनिअमची पहिली आयनीभवन ऊर्जा तर ५७८, मॅग्नेशिअमहून कमीच.