मदत हवी आहे: सोमवारी शाळेत कोणता कागद घेऊन जाऊ?

कृष्णाकाठ_७९ | १८ जून २०२५, रात्री १०:४२
आजवर इथे फक्त पाककृतींवर लिहिलंय. धागा चुकीच्या विभागात गेला असेल तर हलवा.
माझा मुलगा यंदा दहावीत. सोमवारी शाळा उघडली आणि परिपाठातूनच त्याला बाजूला काढून ऑफिससमोर उभं केलं. कारण पॅण्ट. मंगळवारी तेच. आज मी गेले तर हेडसर म्हणाले, "ताई, माझा विरोध नाही, पण मला वरून काही आलेलं नाही. जीआर आणा, लगेच परवानगी देतो." टॉयलेटचं विचारलं तर म्हणे संस्थेला विचारावं लागेल. तोवर पोराने काय करायचं? सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी तशीच भरलेली परत येते. जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही. एप्रिलमध्ये लघवीच्या जळजळीवर पाच दिवस गोळ्या झाल्या.
२३ तारखेला परत बोलावलंय, संस्थेचे सचिव असतील. एवढंच सांगा, कोणता कागद नेऊ? जीआरचा नंबर असेल तर द्या. उपदेश नको.

निवांत_दुपार | रात्री ११:०५
समजलं नाही. मुलगा आहे आणि पॅण्ट घातली म्हणून बाहेर काढलं? दहावीला हाफ पॅण्ट सक्तीची आहे का?

फाल्गुनी | रात्री ११:२०
बहुतेक त्याला मुलींचा गणवेश घालायचा असेल. ताई, घरात हवं ते घालू द्या, केस वाढवू द्या, पण शाळेत आठ महिने कळ काढा. बोर्डाचं वर्ष आहे.

माळरान | रात्री ११:३१
बोर्ड कोणतं? शाळा अनुदानित की विनाअनुदानित? मुलाचं वय? ओळखपत्र काढलंय का? वडिलांचं काय म्हणणं? हे कळल्याशिवाय कुणी काय सांगणार?

कृष्णाकाठ_७९ | १९ जून, सकाळी ६:१०
अहो, जन्माच्या दाखल्यावर मुलगी आहे. गेल्या दिवाळीपासून घरात सगळे मुलगाच म्हणतो, सासूबाईसुद्धा, म्हणून तसंच लिहून गेले. तो ट्रान्स आहे. शाळेला पंजाबी ड्रेस, ओढणी आणि लाल रिबिनी लावून दोन वेण्या हव्यात. केस मे महिन्यातच कापलेत, वेण्या कुठून घालू?
राज्य मंडळ, अनुदानित, सांगली जिल्हा. वय १५. हे २०२१ ला गेले, मी एकटीच आहे. ओळखपत्र कसलं?

निवांत_दुपार | सकाळी ७:०२
माफ करा ताई, मी उलटंच समजलो.

काळा_कोट | सकाळी ९:१५
जीआर शोधत बसू नका, कायदा त्याच्या वर आहे. ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९. १० जानेवारी २०२० पासून लागू. कलम ३ प्रमाणे शिक्षणसंस्थेला प्रवेश नाकारणं, शिक्षण बंद पाडणं किंवा अन्यायाची वागणूक देणं यांना मनाई आहे. कलम १३ खास शाळांसाठी: शासनाचं अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक संस्थेने समावेशक शिक्षण द्यायचं. तुमची शाळा अनुदानित, म्हणजे पळवाट नाही. २०२० च्या नियमांत तर म्हटलंय की छळ किंवा भेदभाव झाला तर दाद मागता येईल अशी समिती प्रत्येक शिक्षणसंस्थेत हवी, आणि त्रास देणाऱ्याला, मग तो शिक्षक असला तरी, विद्यार्थ्यापासून लांब ठेवायचा अधिकार तिला हवा. सर्वोच्च न्यायालयाचा १५ एप्रिल २०१४ चा नाल्सा निकालही जोडा, त्यात ट्रान्सजेंडर व्यक्तींचा स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केलाय. छापून न्या, सचिवांसमोर ठेवा.

शब्दवेल्हाळ | सकाळी ९:४०
ट्रान्स मुलांविषयी शाळेसाठीच लिहिलेली एनसीईआरटीची पुस्तिका आहे की! गणवेश, स्वच्छतागृह, शिक्षकांचं प्रशिक्षण, सगळं आहे. तीच द्या.

काळा_कोट | सकाळी ९:५२
ती नेऊ नका. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये, बाल हक्क आयोगाच्या पत्रानंतर, ती संकेतस्थळावरून काढली गेली. सचिवांनी मोबाइलवर शोधलं तर पहिली बातमी तीच येईल आणि ताईंची बाजू लंगडी पडेल.

शब्दवेल्हाळ | सकाळी १०:०३
काढली म्हणून त्यातलं खोटं ठरत नाही. तज्ज्ञांनी लिहिलेली आहे.

काळा_कोट | सकाळी १०:१०
खोटं कोण म्हणतंय? सोमवारी काय चालेल ते सांगतोय.

सह्याद्री_पुत्र | सकाळी ११:३०
पटणार नाही, पण काळजीने लिहितो. पंधरा हे अडनिडं वय आहे. माझी पुतणीही दोन वर्षं मुलांसारखी राहायची, आता लग्न होऊन सुखात आहे. आधी चांगल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, मन वळतं.

डॉ_पारिजात | दुपारी १:१५
मुलाला मन मोकळं करायला समुपदेशक जरूर बघा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पण "वळवायला" नेऊ नका. असे उपचार करणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. आणि मुलगा आठ तास पाणी पीत नाही, हा आजचा वैद्यकीय प्रश्न आहे. संसर्ग परत होईल, खडे होतील. कायद्याच्या कागदांआधी डॉक्टरांची चिठ्ठी न्या: "वेळोवेळी पाणी पिणे व लघवीस जाणे आवश्यक." ती कोणतीही शाळा नाकारत नाही.

सह्याद्री_पुत्र | दुपारी १:४०
पुतणीचं उदाहरण मी खोटं दिलं नाही.

डॉ_पारिजात | दुपारी १:४८
खोटं नाही, पण ती तुमची पुतणी आहे. हा वेगळा मुलगा आहे.

फ्रीमाँटकर | १९ जून, रात्री ९:२०
आमच्या कॅलिफोर्नियात २०१३ च्या एबी १२६६ कायद्याने मुलांना आपल्या ओळखीप्रमाणे स्वच्छतागृह वापरता येतं, खेळाच्या संघातही राहता येतं. माझ्या लेकीच्या वर्गात असा एक मुलगा आहे, कुणाला काही वाटत नाही. महाराष्ट्राने असा कायदा करायला हवा.

माळरान | रात्री ९:४४
दादा, ताईंकडे तीन दिवस आहेत.

फाल्गुनी | रात्री १०:०५
केरळात बालुसेरीच्या सरकारी मुलींच्या शाळेने २०२१ मध्ये अकरावीच्या मुलींना पॅण्टच दिली. आपल्याकडे का नको? सायकलवर ओढणी चाकात जाते, माझ्या मुलीचं दोनदा झालंय. कालचं "कळ काढा" मागे घेते ताई, बाटलीचं नीट वाचलं नव्हतं.

आकडेमोड | रात्री १०:३०
यंदा दहावीच्या परीक्षेला नोंदणी केलेले १६,११,६१०. त्यात मंडळाने ट्रान्सजेंडर म्हणून नोंदवलेले १९. बारावीला १५,०५,०३७ मध्ये ३७. म्हणजे फॉर्मवर रकाना आहे, मंडळाला हा विषय नवा नाही.

शब्दवेल्हाळ | रात्री १०:४१
१९ म्हणजे ज्यांच्या घरच्यांनी आणि शाळेने लिहू दिलं ते १९. बाकीची मुलं वेण्या घालून बसली असतील.

निवृत्त_मास्तर | २० जून, पहाटे ५:३०
एकतीस वर्षं नोकरी, शेवटची नऊ मुख्याध्यापक. वकीलसाहेबांचं बरोबर आहे, पण सचिवांसमोर पहिल्याच मिनिटाला कायदा आपटलात तर ते अंग चोरतील. तुमचे हेडसर जीआर मागतात म्हणजे त्यांना विरोध करायचा नाही, उद्या कुणी विचारलं तर दाखवायला कागद हवाय. तो तुम्ही द्या.
साधा अर्ज करा. मागणी एक: खेळाचा गणवेश, म्हणजे ट्रॅकपॅण्ट आणि टीशर्ट, रोज घालू द्यावा. बहुतेक शाळांत तो मुलामुलींना एकच असतो, नियम मोडायचा प्रश्नच येत नाही. मागणी दोन: शिक्षकांचं स्वच्छतागृह वापरू द्यावं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, खाली कलम ३ आणि १३. दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. नकार असेल तर लेखी मागा. लेखी नकार सहसा कुणी देत नाही.
आणि नाव बदलायचं असेल तर शाळा सुटायच्या आत. मुलगा शाळेत आहे तोवर शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या मूळ नोंदवहीत, बदल होतो. शाळा सोडल्याचा दाखला एकदा हातात पडला की फार जड जातं.

काळा_कोट | सकाळी ९:०५
मास्तरांचा मार्ग आधी, माझा खिशात ठेवा.
ओळखपत्राचं: राष्ट्रीय ट्रान्सजेंडर पोर्टलवर अर्ज, मूल १८ वर्षांखालचं म्हणून पालकाने करायचा. २०२० च्या नियमांप्रमाणे प्रतिज्ञापत्र लागतं, वैद्यकीय तपासणी लागत नाही. जिल्हाधिकारी देतात. त्यावर "ट्रान्सजेंडर" येईल, "पुरुष" नाही. त्यासाठी शस्त्रक्रियेनंतरचा वेगळा अर्ज आहे, तो आत्ता विसरा. पण याच प्रमाणपत्रावर पहिलं नाव सगळीकडे बदलता येतं. कलम ३ चं संरक्षण मात्र प्रमाणपत्रावर अडलेलं नाही. शाळा "आधी ते आणा" म्हणाली तर मान्य करू नका.

कृष्णाकाठ_७९ | २३ जून, रात्री ८:५०
जाऊन आले. अर्ज मास्तरांनी सांगितला तसाच हाताने लिहिला, चिठ्ठी वर लावली. सचिवांनी चिठ्ठीच आधी वाचली. मग विचारलं, "बाळ पाणी पीत नाही?" आणि हेडसरांकडे बघत राहिले.
शिक्षकांच्या टॉयलेटची चावी शिपाई मावशींकडे असते, त्या मधल्या सुट्टीत आणि पाचव्या तासाला देणार. ट्रॅकपॅण्ट "तूर्त" चालेल. केसांवर कुणी बोललं नाही. लेखी काही दिलं नाही, पण माझ्या प्रतीवर शिक्का आहे, आवक क्रमांक ११४. हजेरीत नाव जुनंच घेणार. वर्गशिक्षिका म्हणाल्या, मी नुसता नंबर घेईन. बाटली आज अर्धी आली.
काळा_कोट, पोर्टलवर पालकाच्या रकान्यात वडिलांचं नाव मागतंय. तिथे माझं टाकू की यांचं, मृत्यूच्या दाखल्यासह? बोर्डाचा फॉर्म भरायच्या आत नाव व्हायला हवं.

काळा_कोट | रात्री ९:३०
तुमचं. अर्जदार तुम्ही आहात. मृत्यूचा दाखला स्कॅन करून ठेवा, मागितला तर द्या. प्रतिज्ञापत्राचा मसुदा व्यक्तिगत निरोपात पाठवतो.