हीटिंग-कूलिंगच्या कामात नोकरी कशी मिळाली? आपापले अनुभव लिहा

एसी, कोल्ड रूम, बॉयलर, हीट पंप (एसीचंच चक्र उलटं चालवून घर गरम करणारं यंत्र) यांच्या कामात नव्याने येणारी मुलं मला एकच गोष्ट विचारतात. कोर्स झाला, सर्टिफिकेट हातात आहे, पण जिथे जावं तिथे अनुभव मागतात, तो आणायचा कुठून? मी एकट्याने उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून हा धागा. तुम्ही या कामात कसे शिरलात, मुलाखतीत काय करायला लावलं, कुठली नोकरी सोडलीत आणि का, हे मोकळेपणाने लिहा. कंपन्यांची नावं मात्र नकोत.

सुरुवात माझ्यापासून. मला पहिलं काम जाहिरातीतून मिळालं नाही, स्पेअर पार्ट विकणाऱ्या दुकानाच्या काउंटरवर मिळालं. कॅपॅसिटर (मोटर सुरू करायला वीज साठवून देणारा छोटा भाग), तांब्याचे पाइप, गॅसचे सिलिंडर घ्यायला सगळे मेकॅनिक सकाळी तिथेच येतात. कोणाचा हेल्पर सोडून गेला, कोणाला मोठं काम लागलंय, हे काउंटरवाल्याला सगळ्यांच्या आधी कळतं. मी त्यांना सांगून ठेवलं होतं की ब्रेझिंग (पाइप तापवून, धातू वितळवून जोड मारणं) येतं, शिडीवर चढायची भीती नाही. त्यांनीच एका मिस्त्रींशी गाठ घालून दिली. सीझन सुरू व्हायच्या आधी जा, एवढं नक्की सांगेन. ऐन हंगामात माणसं हवी असतात, पण शिकवायला कोणाला फुरसत नसते.

तांब्याची नळी

चांगला विषय काढलात, दादा. माझ्या मुलाखतीत तोंडी प्रश्न जवळजवळ नव्हतेच. तांब्याच्या पाइपचा तुकडा, कटर आणि फ्लेअरिंग टूल पुढे ठेवलं आणि म्हणाले, "फ्लेअर करून दाखव." म्हणजे नटात घट्ट बसेल असं पाइपचं तोंड फुलवायचं. मी पाइप कापला, तोंड खाली धरून आतली कड साफ केली, म्हणजे तांब्याचा कीस आत पडत नाही. नट आधी चढवला, मग फ्लेअर मारला. साहेबांनी तो उजेडात धरून कडेवरून बोट फिरवलं. चीर नाही, कड एकसारखी, नटच्या आत नीट बसते. मग ब्रेझिंगबद्दल विचारलं : "नायट्रोजन का सोडायचा?" पाइप तापला की आत हवा असेल तर काळी खपली धरते, ती सुटून पुढे गाळणीत किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये अडकते. एवढं सांगितलं आणि काम झालं. नवीन मुलांनी पाइपचे तुकडे आणून घरी सराव करावा. सर्टिफिकेट सगळ्यांकडेच असतं, सफाईदार फ्लेअर सगळ्यांना जमत नाही.

क्लॅम्पमीटर

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो. सर्व्हिस विभागासाठी माणसं निवडायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे.

माझा ठरलेला प्रश्न : सक्शन प्रेशर (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा दाब) कमी दिसतंय, काय कराल? बहुतेक जण लगेच म्हणतात, गॅस भरणार. तिथेच मला कळतं की या माणसाला मी ग्राहकाकडे एकटा पाठवू शकत नाही. फिल्टर तुंबलाय, ब्लोअर हळू फिरतोय, कॉइलवर बर्फ धरलाय, तरी प्रेशर पडतंच. जो म्हणतो की आधी फिल्टर आणि हवा बघेन, मग सुपरहीट (गॅसची वाफ झाल्यावर ती आणखी किती अंश तापली ते) मोजेन, त्याच्याशी मी पुढे बोलतो. गॅस कमी असेल तर सुपरहीट वाढलेला मिळतो, हवा कमी असेल तर उलट घटलेला. आणि गॅस खरंच कमी निघाला तर पुढचा प्रश्न, गेला कुठे? सिस्टिम बंद असते, गॅस वापरून संपत नाही. गळती शोधल्याशिवाय भरलेला गॅस म्हणजे ग्राहकाचे पैसे हवेत.

दुसरी गोष्ट मी न विचारता बघतो. उमेदवार पॅनेल उघडण्याआधी सप्लाय बंद करतो का, केल्यावर मीटर लावून खात्री करतो का, आणि कॅपॅसिटर डिस्चार्ज करतो का. हे ज्याच्या अंगवळणी नाही त्याला मी घेत नाही, मग बाकी कितीही हुशार असो.

अर्जात "एसीची सर्व कामे येतात" असं लिहू नका. स्प्लिट, डक्टेबल, व्हीआरएफ (एका आउटडोअरवर अनेक इनडोअर), चिलर (पाणी थंड करणारं मोठं मशीन), यातलं काय हाताळलंय ते लिहा. हेल्पर म्हणून केलं असेल तर हेल्पर म्हणून लिहा, त्यात कमीपणा नाही. केलेल्या कामाचे फोटो मालकाला विचारून काढून ठेवा. जोड, इन्सुलेशन, वायरिंग, ड्रेन पाइपचा उतार हे फोटोत दिसतं आणि माझ्यासारखा माणूस तेच बघतो.

थंड डोकं

वर कोणती नोकरी सोडली हे विचारलंय, म्हणून लिहितो. माझी दुसरी नोकरी पगाराच्या आकड्यावरून छान वाटत होती. रुजू झाल्यावर कळलं की मूळ पगार नावापुरता, बाकी सगळं कमिशन. प्रत्येक कॉलला काहीतरी विकलंच पाहिजे. कॉम्प्रेसर नुसता गुणगुणतोय, सुरू होत नाही, मीटरवर कॅपॅसिटर उतरलेला स्पष्ट दिसतोय, आणि वरून फोन येतो की "कॉम्प्रेसर गेलाय असं सांगा". घरात एक आजारी म्हातारे गृहस्थ पडून होते. मी कॅपॅसिटर बदलला, मशीन चालू केलं आणि त्याच आठवड्यात राजीनामा दिला. नोकरी घेताना पगाराचे भाग कसे आहेत ते विचारा, आणि कमिशन कशावर मिळतं तेही.

नायट्रोजन

@थंड डोकं, मनापासून नमस्कार तुम्हाला.

शिडीवरची

मी बाई असून या कामात आहे. मुलाखतीत "वजन उचलता येईल का?" हे मला हमखास विचारायचे. आउटडोअर युनिट एकट्या पुरुषानेही उचलू नये, दोघं लागतातच, हे मी शांतपणे सांगायचे. शेवटी जिथे लागले तिथल्या प्रमुखांनी तो प्रश्न विचारलाच नाही, त्यांनी व्हॅक्यूमबद्दल, म्हणजे गॅस भरण्याआधी पाइपमधली हवा आणि ओल पंपाने ओढून काढण्याबद्दल, विचारलं. पंप बंद करून व्हॉल्व्ह मिटल्यावर गेज वर चढत राहिला तर काय समजायचं? मी म्हटलं, चढून एका जागी थांबला तर आत ओल आहे, थांबतच नसेल तर गळती. 500 मायक्रॉनच्या (व्हॅक्यूमचं माप, आकडा कमी तितका व्हॅक्यूम चांगला) खाली उतरून तिथे टिकल्याशिवाय मी गॅस सोडत नाही. मुलींना माझं सांगणं, जिथे कामाबद्दल विचारतात तिथे जा. पहिल्या महिन्यात ग्राहक दारातच "मेकॅनिक कुठे आहे?" म्हणतात, ते सहन करावं लागतं. मशीन सुरू झाल्यावर तेच लोक पुढच्या वेळी आपल्यालाच पाठवा म्हणून सांगतात.

बर्नर

सगळे कूलिंगबद्दल लिहितायत, म्हणून हीटिंगबद्दल थोडं. मी आधी वायरमन होतो आणि तेच कामी आलं, कारण या धंद्यातले कितीतरी बिघाड शेवटी विजेचेच निघतात. बर्नर पेटतो आणि काही सेकंदांत विझतो, तर आधी फ्लेम सेन्सर (ज्योत आहे की नाही ते ओळखणारा भाग) काढून साफ करा, पीसीबीला, म्हणजे कंट्रोल बोर्डाला, हात लावण्याआधी. थंडीत हीट पंपच्या बाहेरच्या युनिटमधून वाफ निघाली की लोक घाबरून धूर निघतोय म्हणून फोन करतात. बहुतेक वेळा ते डीफ्रॉस्ट असतं. गॅसची दिशा उलटवणारा रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह फिरतो, बाहेरची कॉइल तापते, बर्फ वितळतो. हे ग्राहकाला सोप्या शब्दांत समजावता आलं पाहिजे, मुलाखतीत मला हेच बोलून दाखवायला लावलं होतं.

गॅसच्या भट्टीवर काम करणार असाल तर कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र कंपनी देते का ते विचारा. त्या वायूला वास नाही, रंग नाही. देत नसतील तर तिथे जाऊ नका.

नवा भिडू

माझं वय 38. गोदामातली नोकरी सुटली. आता शिकायला घेतलं तर उशीर झालाय का? आणि गॅस सारखे बदलत राहतात, जुनं शिकून काय उपयोग?

क्लॅम्पमीटर

@नवा भिडू, उशीर अजिबात झालेला नाही. गोदामात वेळ पाळायची आणि नोंदी ठेवायची सवय लागलेली असते, आम्हाला तीच मिळत नाही. कोल्ड स्टोरेजवाल्यांकडे आधी विचारा, तिथलं वातावरण तुमच्या ओळखीचं असेल.

गॅसचं म्हणाल तर 1987 च्या माँट्रियल करारानंतर ओझोनला मारणारे गॅस मागे पडत गेले, 2016 च्या किगाली दुरुस्तीनंतर पृथ्वी तापवणारे. आर-22 कडून आर-410ए, तिथून आर-32 आणि आर-290. चक्र तेच आहे, कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन, इव्हॅपोरेटर. बदलतं ते प्रेशर, तेल आणि धोका. आर-32 सौम्य ज्वलनशील आहे, आर-290 म्हणजे तर प्रोपेनच. म्हणून ज्वलनशील गॅस हाताळायचं प्रशिक्षण आत्ताच करून घ्या. जुन्या मेकॅनिकांपैकी अनेकांनी ते केलेलं नसतं, आणि अर्ज चाळताना मी ती ओळ आधी शोधतो.