मोनोस्पेसच्या ठळक तिरप्या वळणात एम काळा का दिसतो?

प्रश्न: कोड एडिटरमध्ये मोनोस्पेस फॉन्टला (ज्यात सगळी अक्षरं सारख्याच रुंदीची असतात) बोल्ड इटॅलिक, म्हणजे ठळक तिरपं वळण, लावलं की १२ पिक्सेलला एम आणि डब्ल्यू भरून येतात. बाकी अक्षरं ठीक दिसतात. दोष फॉन्टचा की सेटिंगचा?

उत्तर १: आधी चारही फाइल आहेत का बघा: रेग्युलर, बोल्ड, इटॅलिक, बोल्ड इटॅलिक. चौथी नसेल तर प्रोग्रॅम रेषा सरसकट जाड करून अक्षर नुसतं कलतं करतो. ओळखायला लहान ए पाहा. अनेक खऱ्या इटॅलिकमध्ये तो एकमजली (वरचा बाक नसलेला) असतो आणि एफचं शेपूट ओळीखाली उतरतं. नकलीत सरळ अक्षराचाच सांगाडा कलतो. वेबपानावर चौथ्या फाइलची ७०० वजन (म्हणजे बोल्ड) आणि इटॅलिक अशी वेगळी नोंद करा.

उत्तर २: मूळ अडचण रुंदीची आहे. कुरिअर या मोनोस्पेस फॉन्टमध्ये फॉन्टच्या आकाराचे १००० भाग धरले तर प्रत्येक अक्षराला ६०० भागांचीच रुंदी मिळते, बोल्डलाही तेवढीच. लहान एमच्या तीन उभ्या खांबांत जागा उरत नाही. म्हणून चांगला रेखाटनकार मधला खांब बारीक किंवा आखूड करतो. नकली बोल्डमध्ये हे होतच नाही. कल साधारण ८ ते १२ अंश. त्याहून जास्त झाला की अक्षरं शेजाऱ्याच्या चौकटीत घुसतात. १४ पिक्सेल करून बघा.

उत्तर ३: टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) अक्षराचं रूप ठरवणारा कोड १ म्हणजे बोल्ड, ३ म्हणजे इटॅलिक. काही टर्मिनल बोल्डबरोबर रंगही उजळ करतात, तो पर्याय बंद करा. आणि प्रोग्रॅममधल्या अख्ख्या टिप्पण्या बोल्ड इटॅलिक वळणात नकोत, त्यांना साधं इटॅलिक पुरे. हे वळण धोक्याच्या सूचनेसारख्या एखाद-दुसऱ्या शब्दालाच शोभतं.