पुण्यात नोकरी हिंजवडीत, घर डेक्कनला घ्यावं की वाकडला?

चालती_बोलती: भाड्याचं घर शोधतेय. गाडी चालवत नाही, शिकायचीही नाही. माझ्या मते वाकडच्या टॉवरपेक्षा डेक्कन-एरंडवण्यातला जुना वन बीएचके परवडला. भाजी, इस्त्रीवाला, दवाखाना, मेट्रो, सगळं पायी. वाकडला गेटच्या आत लॉन नि कारंजं, बाहेर पाऊल टाकलं की फूटपाथच गायब.

वाकडी_वाट: आधी महिनाभर डेक्कनहून हिंजवडी करून बघा. पावसाळ्यात संध्याकाळी भूमकर चौकात अडकलात की चालायची हौस फिटेल. मी वीस मिनिटांत घरी. वॉचमन, कॅमेरे, येणाऱ्या-जाणाऱ्याची ॲपवर नोंद. एकट्या मुलीला आणखी काय हवं?

एरंडवण्याची_काकू: वॉचमन गेटपुरता गं. कॅबवाल्यानं रात्री दहाला कोपऱ्यावर सोडलं, तर तिथून गेटपर्यंत कोण? आमच्या कर्वे रस्त्याला त्या वेळी औषधाचं दुकान उघडं असतं, भुर्जीची गाडी चालू असते, कुणी ना कुणी शतपावलीला निघालेलं असतं.

लकडी_पूल: काकू, तेच शतपावलीवाले 'एवढ्या उशिरा कुठून?' असंही विचारतात! माझ्या डेक्कनच्या घरमालकानं मित्र नकोत, मटण नको, दहानंतर फाटक बंद, सगळं आधीच बजावलं होतं. आणि जंगली महाराज रस्ता सोडून असे रुंद फूटपाथ कुठायत दाखवा. महापालिका ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद करून पादचारी दिन करते. एरवी वर्षभर आपण अंग चोरून चालायचं.

चालती_बोलती: लक्ष्मी रस्त्याचं मान्य. पण जाचक घरमालक बदलता येतो, नसलेला फूटपाथ मी कुठून आणू? कंपनीची बस नळ स्टॉपला थांबते. तास-दीड तास बसेन, झोप काढेन.

वाकडी_वाट: जाऊन-येऊन तीन तास झोप? बरं.

रात्रपाळी: एजंट रविवारी सकाळी घर दाखवतो, तेव्हा सगळेच रस्ते गुणी. कामाच्या दिवशी रात्री साडेदहाला स्टॉपपासून दारापर्यंत एकटीनं चालून बघ. वर मान करून दिवे बघ. खूपदा दिवा झाडाच्या फांद्यांत असतो, रस्त्यावर उजेड आणि फूटपाथवर काळोख. मी तर म्हणेन औंध बघ. डीपी रस्त्याचे फूटपाथ खरंच चालण्याजोगे केलेत, हिंजवडीही डेक्कनपेक्षा जवळ.

वाकडी_वाट: आणि औंधचं भाडं? डिपॉझिट?

चालती_बोलती: रूममेट शोधेन. बुधवारी रात्री औंधला चक्कर टाकते. त्या बाजूला राहणारी कुणी सोबत येणार का?

रात्रपाळी: सोबत नेलीस तर कळणार काय?