'पाठीचं ऑपरेशन म्हणजे डॉक्टरांचा धंदा' या पोस्टला उत्तर (लांबलंय, वाचा नाहीतर सोडा)

लेकीची_आई: काल इथे एका काकांनी लिहिलं की स्कोलिओसिसच्या (पाठीचा कणा बाजूला वाकतो त्या) पोरींना उगाच कापतात, सहा महिने आसनं करा, पाठ सरळ. तळपायाची आग मस्तकात गेली. कारण हेच आम्ही केलं. लेक साडेअकराची, कॉब अँगल (एक्स-रेवर मोजतात तो कण्याचा बाक) ३२ अंश, पाळी आलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले ब्रेस घाला, म्हणजे बाक वाढू नये म्हणून अंगाभोवती बांधायचा कडक पट्टा. सासूबाई म्हणाल्या पट्टा बांधून शाळेत गेली तर लोक काय म्हणतील, त्यात एक योगवाले भेटले, ते म्हणे ब्रेसने पाठ लुळी पडते. चौदा महिन्यांनी एक्स-रे काढला तर ५१. उंची झपाझप वाढते तेव्हाच बाक पळतो आणि नेमकं तेच वर्ष आम्ही घालवलं. मग ऑपरेशन करून पाठीत रॉड, स्क्रू सगळं झालं. सही करायच्या फॉर्मवर लकवा हा शब्द होता, नवऱ्याचा हात थरथरत होता. हौस नसते हो कुणाला.

वाकडेकाका: ती पोस्ट माझीच. वय ५८, बाक ५५ च्या आसपास, एसटीत तीस वर्षं उभ्याने तिकिटं फाडली. पाठ दुखते, कुणाची दुखत नाही? उसेन बोल्टला पण स्कोलिओसिस आहे, त्याने कुठे रॉड बसवले?

फिजिओ_नाशिक: काका, बोल्टचा बाक न् तुमचा बाक एका तागडीत कसा घालता? बरं, तुमच्या बाजूचंच आधी सांगते. अमेरिकेत आयोवाला ऑपरेशन न केलेल्या लोकांचा ५० वर्षं पाठपुरावा केला, २००३ ला छापून आलं. बहुतेकांचं नोकरी, संसार नीट चाललं होतं, पाठदुखी मात्र इतरांपेक्षा जास्त. पण ५० च्या वरचा बाक वाढ संपल्यावरही वर्षाला साधारण एखादा अंश सरकत राहू शकतो. पंधराची पोर पन्नाशीला कुठे असेल, करा हिशोब. आणि ब्रेसचा २०१३ चा अभ्यास आहे, ब्रेस घातलेल्या ७२ टक्के मुलांचा बाक ५० च्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलं त्यांच्यात ४८. दिवसाला १३ तासांहून जास्त घालणाऱ्यांत तर नव्वदच्या वर. व्यायाम मीही करून घेते, पण बाक पुसून टाकतो असं कुणी म्हणालं तर पळा तिथून.

रॉडवाली: आकडे झाले असतील तर मी बोलू? सोळाव्या वर्षी ऑपरेशन झालं, एल-४ पर्यंत (कमरेचा चौथा मणका) फ्यूजन, म्हणजे मणके एकमेकांना जोडून टाकले. मणके जोडले की तिथलं वाकणं कायमचं गेलं, हे मला घरी आल्यावर कळलं. लादी पुसायची तर उकिडवं बसून. आता खालचे दोन मणके सगळा भार घेतात आणि रात्री ठणकतात. बाळंतपणात पाठीत सुई घालायला जागाच मिळेना, पूर्ण भूल देऊन सिझर केलं. ऑपरेशन चुकलं असं नाही म्हणत, बाक ६८ होता. पण कुठपर्यंत जोडणार हे आधी विचारा एवढंच.

सुज्ञ_पालक: ताई, लग्न ठरताना सासरी सांगितलं होतं का? माहितीसाठी विचारतोय.

रॉडवाली: माहितीसाठी? तुमची शुगर किती ते सांगितलं होतं का तुम्ही?

सुज्ञ_पालक: चिडताय कशाला, मुलींच्या बाबतीत लोक बघतात, मी नियम केलेला नाही.

लेकीची_आई: हेच! आमच्याकडे नणंदेचं पहिलं वाक्य, व्रण केवढा राहील. लकव्याचं कुणी विचारलं नाही!! इंग्लंडच्या राजकन्या युजिनीचं २००२ मध्ये बाराव्या वर्षी हेच ऑपरेशन झालं, २०१८ मध्ये लग्नात मुद्दाम पाठ उघडी ठेवणारा ड्रेस घातला, व्रण दिसावा म्हणून.

सुज्ञ_पालक: ती राजाच्या घरची. आपल्याकडे मांडवात मामा मुलीला धरून आणतो, तो काय पाठ दाखवत आणणार का.

रॉडवाली: मामाला मध्ये आणू नका. माझ्या नवऱ्याने पहिल्या भेटीत विचारलं, एअरपोर्टला वाजतं का तुझं. नाही वाजत म्हटलं तर बिचारा नाराज झाला.

फिजिओ_नाशिक: धागा कुठे चालला होता, कुठे गेला. लकव्याबद्दल कुणी विचारेल तर: या वयातल्या साध्या केसेसमध्ये मज्जारज्जूला इजा होण्याचं प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी, आणि ऑपरेशन चालू असताना नसांचे सिग्नल सतत तपासतात. शून्य नाही. मुलगी ज्यांची त्यांनी ठरवावं.

वाकडेकाका: ब्रेसचं मान्य. पोस्टमध्ये 'ब्रेस पण थोतांड' लिहिलंय ते काढतो. बाकी पोस्ट तशीच राहील. पंचावन्न अंशात मी तीन मुलींची लग्नं केली.

लेकीची_आई: उपकार झाले काका.

सुज्ञ_पालक: एक विचारायचं राहिलं, टोटल खर्च किती आला? मेडिक्लेममध्ये बसतं का?

लेकीची_आई: स्थळ झालं, आता खर्च. व्यनि (खाजगी निरोप) करा.