मदत हवी आहे: दोन नर गिनी पिग भांडतात, कायमचे वेगळे करू का? (बडोदे)

रावपुरेकर:
दोघे सख्खे भाऊ, वय साडेपाच महिने. भुऱ्या ७८० ग्रॅम, काळू ७१०. पिंजरा ३ बाय २ फूट; त्यात एका दाराचं एक घर, एक वाटी, एक बाटली. भुऱ्या कंबर डोलवत, घुमत काळूभोवती फिरतो, अंगावर चढतो. काळू ओरडत पळतो. रविवारी पिंजरा धुऊन व्हिनेगरच्या पाण्याने पुसला की संध्याकाळी हमखास जुंपते. या रविवारी काळू घरात अडकला, भुऱ्या दारात. दात कटकटले आणि काळूच्या ओठाला खरचटून थेंबभर रक्त आलं. नसबंदीने फरक पडेल का? की तिसरा आणावा?

गवतकाडी:
आधी जखम. अर्धा लिटर पाणी उकळून निववा, त्यात सपाट चमचाभर मीठ घाला आणि कापसाने हलकेच पुसा. पुढचे काही दिवस बोट फिरवून पाहा. वरून खपली धरते आणि आत पू साठतो. गाठ लागली किंवा खाणं कमी झालं तर त्याच दिवशी दवाखाना. तिथे तोंडावाटे अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिन गटातलं औषध मिळालं तर घेऊ नका, दुसरं मागा. गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू त्याने मरतात आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून ससे-गिनी पिग नेहमी पाहणारेच डॉक्टर गाठा.

आता भांडण. घुमणं, चढणं, पाठलाग, हनुवटी उंच करणं ही वरचढपणाची बोलणी आहेत. ती तोडू नका, तोडली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. हे वयच तसं आहे, साधारण चौथ्या महिन्यापासून वर्ष-सव्वा वर्षापर्यंत चालतं. पण मानेचे केस पिंजारून, न थांबता दात कटकटवत दोघे समोरासमोर उभे राहिले तर लगेच मधे केरभरणी सरकवा. उघडा हात कधीच घालू नका, चावा खोल जातो.

तुमच्या वर्णनात मला खरा दोष पिंजऱ्यात दिसतो. सहा चौरस फूट दोन नरांना फार कमी. निदान ५ बाय अडीच फूट तळ हवा. वरचा मजला जागेत धरू नका. जाळीचे चौकोन केबल टायने बांधा, खाली सनपॅक शीट (पोकळ पन्हळीचा प्लास्टिकचा पत्रा). एका दाराचं घर आजच काढा! पळायला वाट नसली की हरणाराही चावतो. खोक्याला समोरासमोर दोन दारं कापा, अशी दोन घरं ठेवा. बाटल्या दोन, विरुद्ध टोकांना. गवताचे ढीग दोन. वाटी नकोच, भाजी तळभर पसरून टाका.

रविवारचं कारणही सरळ आहे. नर मागचा भाग घासत आपला वास लावतो. तुम्ही तो सगळा एकदम पुसता, मग हद्द पुन्हा आखावी लागते. अर्धं अंथरूण आज धुवा, उरलेलं दोन-तीन दिवसांनी, आणि जुनं कोरडं अंथरूण मूठभर आत राहू द्या.

दुधी_भोपळा:
नसबंदीने नरा-नरातलं भांडण सहसा थांबत नाही, भूल देण्याचा धोका मात्र असतो. तिसरा नर आणला तर घडी पार विस्कटेल. त्याच खोलीत मादी ठेवू नका, मादीला हाताळून आलात तर हात धुऊनच यांना उचला.

रावपुरेकर:
म्हणजे आत्ता वेगळे ठेवू की नको? आणि बाजारात रजको (लसूणघास) रोज ताजा मिळतो, तोच देते आहे. चालेल?

गवतकाडी:
दोन-तीन दिवस मधे जाळी लावून शेजारी ठेवा, वास आणि आवाज पोचला पाहिजे. लांब नेऊन एकेकटे ठेवू नका. मग दोघांपैकी कोणीच न वावरलेल्या जागी, गॅलरीत किंवा मोकळ्या खोलीत चादर अंथरा, मधे गवताचा मोठा ढीग, घर एकही नाही. दोन तास तरी शेजारी बसा, जाड टॉवेल हाताशी. शेजारी खायला लागले, एकाने मान वळवून वाट दिली, की तिथून थेट मोठ्या पिंजऱ्यात. पुन्हा ठरवून चावून रक्त काढलं किंवा दोघे एकमेकांना घट्ट धरून लोळले, तर जाळी कायमची. तसेही ते चांगले राहतात, सोबत सुटत नाही.

रजको वाढीच्या वयापुरता ठीक. सहा महिन्यांनंतर त्यातल्या कॅल्शियममुळे मूतखड्याचा धोका, म्हणून आतापासूनच कमी करत सुकं गवत भरपूर द्या. सी जीवनसत्त्वासाठी सिमला मिरची आणि कोथिंबीर रोज.

दुधी_भोपळा:
उन्हाळ्यात बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवाल तर त्याही दोन ठेवा, एकीवरून हमखास जुंपेल. आणि दर आठवड्याला दोघांचं वजन करा. दबलेला ओरडत नसला तरी त्याला खाऊ दिलं जात नाही, हे आधी काट्यावर कळतं. काळू आठवड्यात ५० ग्रॅम उतरला तर थांबू नका, जाळी लावा आणि डॉक्टरांना दाखवा.