मदत हवी आहे: मूडल उघडते, पण झूमवर लॉगिन नाकारले जाते

हिंगणा_प्राध्यापक: सोमवारपासून आमच्या महाविद्यालयात मूडलमधून (ऑनलाइन अभ्यासक्रम आणि स्वाध्यायांच्या प्रणालीतून) झूमच्या तासिकेत जाता येत नाही. एकाच पासवर्डने दोन्हीकडे प्रवेश मिळत असे. आता दुवा उघडला की नकार येतो. काटोल-उमरेडची मुले खोळंबली आहेत आणि दुपारी पुन्हा तासिका आहे. कृपया लवकर उपाय सांगावा.

धरमपेठ_सर्व्हर: सर, जोडणी एसएएमएलची (एकाच लॉगिनने अनेक सेवांत प्रवेश देणारी पद्धत) आहे की एलटीआयची (शिक्षणप्रणालीला बाहेरची साधने जोडणारी पद्धत), ओळख पटवणारा सर्व्हर कोणता आणि पडद्यावर नेमके काय लिहून येते, हे कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

वर्धारोड_७: एसएएमएल सोडून द्या आणि एलटीआय १.३ ने झूम मूडलला जोडा. आमच्याकडे तेव्हापासून तक्रार नाही.



हिंगणा_प्राध्यापक: एसएएमएल २.० आहे. ओळख पटवणारा सर्व्हर, शिबोलेथ, आमचाच असून मूडलच्याच यंत्रावर चालतो. लॉगिनचे डिजिटल ओळखपत्र 'अद्याप वैध नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. सर्व्हरच्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत मी तपासली, ती शिल्लक आहे.

धरमपेठ_सर्व्हर: 'अद्याप' हा शब्द महत्त्वाचा आहे. रविवारी वीज गेल्यावर कोणी सर्व्हरचे घड्याळ हाताने लावले का? सर्व्हरवर वेळ दाखवणारी टाइमडेटसीटीएल ही आज्ञा देऊन लोकल टाइम आणि युनिव्हर्सल टाइम या दोन ओळींत काय दिसते ते कळवा.

हिंगणा_प्राध्यापक: दोन्हीकडे १४:२० दिसते. माझ्या मोबाइलवरही दुपारचे २:२० झाले आहेत, म्हणजे वेळ बरोबरच आहे. घड्याळ आमच्या प्रयोगशाळा सहायकाने लावले होते.

धरमपेठ_सर्व्हर: दोष तिथेच आहे. युनिव्हर्सल टाइम, म्हणजे यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते; ती या क्षणी ८:५० दिसायला हवी. यंत्राचा कालविभाग यूटीसी असताना त्यात भारतीय वेळ भरली गेली, त्यामुळे ते साडेपाच तास पुढे धावत आहे. शिबोलेथ प्रत्येक ओळखपत्रावर 'या वेळेआधी ग्राह्य नाही' असा यूटीसीतला शिक्का मारते. मूडल त्याच यंत्राचे घड्याळ पाहत असल्याने ते मान्य करते, पण बाहेरच्या झूमला ते भविष्यातले वाटते. वर्धारोड भाऊ, एलटीआय १.३ च्या टोकनवरही (तिथल्या डिजिटल ओळखपत्रावरही) वेळ असते, त्यामुळे जोडणी बदलून हे घड्याळ सुधारणार नाही.

वर्धारोड_७: घड्याळाचा मुद्दा मान्य आहे, तरी नवी जोडणी करताना मी एलटीआयच निवडेन.

धरमपेठ_सर्व्हर: सर, कालविभाग आशिया/कोलकाता करा, इंटरनेटवरून घड्याळ आपोआप जुळवणारी एनटीपी सेवा सुरू करा आणि फायरवॉलमध्ये (नेटवर्कच्या सुरक्षा-गाळणीत) तिला लागणारे यूडीपीचे १२३ क्रमांकाचे पोर्ट बाहेर जाण्यासाठी उघडे आहे का ते पाहा. वेळ पुन्हा हाताने मात्र भरू नका.

हिंगणा_प्राध्यापक: पोर्ट बंदच होते. ते उघडल्यावर घड्याळ जुळले आणि झूम लगेच सुरू झाले, मनःपूर्वक आभार. याच घड्याळामुळे सोमवारी संध्याकाळी सातला जमा केलेल्या स्वाध्यायांवर मध्यरात्रीनंतरची १२:३० ही वेळ पडली आणि अकरा मुलांपुढे 'उशिरा' असा शेरा आला. कोणाचाही गुण कापला जाऊ नये म्हणून ते शेरे मी आताच एकेक करून दुरुस्त करत आहे.